पाच बोटं

रायफल तिनं काउंटरवर आडवी ठेवली तेव्हा
नळीच्या टोकाला स्प्रूसची काडी अडकलेली होती,
हिरवी, डिंक अजून ओला.
"हेच सांगायला आले," ऐला मुस्तोनेन म्हणाली,
"दर दहा पावलांवर झाड मला मागे ओढतं.
पुढे कुत्रा भुंकतोय, मूस उभा आहे,
आणि मी इथे फांदीशी हुज्जत घालतेय."

रायफल ओइवाची. नळी एकसष्ट सेंटिमीटर.
ओळखतो मी तिला. दस्त्यावरची ही चीर
मीच सांधली होती, तळं ऑक्टोबरातच गोठलं त्या वर्षी.
ओइवा दलदलीच्या काठी मचाणावर बसायचा,
थर्मास, सॉसेज,
आणि समोर दोनशे मीटर मोकळं पिवळं गवत.
त्याला लांब नळी शोभायची.
वजन पुढे राहतं, नेम डुलत नाही,
दारूला पुरतं जळायला सवड मिळते,
गोळी घरून जेवून निघाल्यासारखी निघते.

ऐला बसत नाही. ऐला चालते,
तुइस्कूच्या भुंकण्यामागे, दाट रानात,
जिथे चाळीस पावलांपलीकडचं
फक्त ऐकू येतं.

मी तिला सगळं सांगितलं, स्वतःचा धंदा बुडवत सांगितलं:
आखूड केलीस तर कानठळ्या बसतील,
तिन्हीसांजेला तोंडाशी जाळ दिसेल,
सायलेन्सर चढवलास की लांबी पुन्हा तेवढीच,
मग कापली कशाला, हे तू मलाच विचारशील.
आणि नळी म्हणजे केस नव्हेत, परत वाढायला.

"वेग किती जाईल?"
पाच बोटं कापली तर सेकंदाला सत्तावीस मीटर. फार तर तीस.
"आठशेंतून?"
आठशेंतून.

ती बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिली,
गेल्या वर्षीचं होतं ते.
"एकतीस वर्षं," ती म्हणाली,
"एकतीस वर्षं तो मला सांगत आला,
नळीला करवत लागली की बंदुकीचा जीव जातो."
मग हसली. मग ते हसणं कुठे थांबवावं तिला कळेना,
आणि मी उगाच कानशी ओळीनं लावत बसलो.

त्याला ते सांगणारा मीच होतो,
याच काउंटरवरून, मिशी काळी असताना.
हे मी बोललो नाही.

पट्टी तीनदा लावली, करवत एकदा.
मग लेथवर नळीचं तोंड घडवलं.
लोक लांबीवरून भांडतात, पण गोळीला
शेवटचा स्पर्श होतो तो या काठाचा;
तिथे एक कुस राहिली
तर ती आयुष्यभर रुसून वाकडी जाते.

दुकानामागच्या वाळूच्या खाणीत तिनं चार गोळ्या झाडल्या.
पहिलीला कावळे उठले.
चौथीनंतर कागद आणला: चारही भोकं
कॉफीच्या कपाच्या तोंडाएवढ्यात.
तिनं कानांवरचं काढलं, खांदा चोळला,
"ओरडते," म्हणाली, "पण वळते."
आणि निघताना:
"तो तुकडा टाकून देऊ नकोस."
वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.
पाच बोटं लोखंड, मुठीत मावेल एवढं.

नोव्हेंबरात तिनं मांस न्यायला बोलावलं,
पुढचा पाय आणि जिभेचा अर्धा वाटा.
आधी सौना, म्हणाली, मग जेवण.
वरच्या फळीवर बसलो, पाणी ओतलं,
आणि वाफ सोडायच्या खिडकीकडे बघितलं:
चौकटीत तोच तुकडा, टेकू म्हणून उभा,
बाहेरून तांबूस गंजलेला,
आतले पीळ मात्र लखलखीत,
अजून फिरत निघालेले
आणि चार फिरक्यांच्या आतच संपलेले.
त्यातून बाहेरची थंडी शीळ न घालता आत येत होती.

जेवताना आम्ही कुत्र्याविषयी बोललो.

माझी स्वतःची रायफल पासष्टची आहे.
गुडघे गेल्यापासून मीही आता बसतोच,
दलदलीच्या काठी, ओइवाच्याच मचाणावर,
तेव्हा ती आहे तशीच राहील.
निदान गिऱ्हाइकांना मी असंच सांगतो.